लांबच्या गाडीप्रवासात मित्राच्या शेतावर मुक्काम: पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

पुण्याहून गाडी काढून नागपूरमार्गे वाराणसी-दिल्लीकडे किंवा कोल्हापूर-बेळगावमार्गे कन्याकुमारीकडे जायचं ठरलं, की वाटेवर कुणा ना कुणा मित्राचं गाव येतं. ‘दोन दिवस शेतावर थांबू’ असं फोनवर ठरवायला मिनिटसुद्धा लागत नाही. तो मुक्काम पाहुण्यांना आणि घरच्यांना दोघांनाही सुखाचा व्हायला मात्र तयारी लागते. शेत हे कामाचं ठिकाण आहे. तिथला दिवस पीक, पाणी, वीज आणि मजुरांची उपलब्धता यांवर ठरतो, आपल्या सुट्टीवर नाही. म्हणून सुरुवात नकाशापासून करू नका, पिकापासून करा.

तारीख कशी ठरवायची

मित्र पुण्यात नोकरीला असेल तर ‘कधीही या’ म्हणेल. त्याच्या गावाकडच्या भावाला किंवा वडिलांना विचारा: ‘त्या आठवड्यात शेतात काय काम असेल?’ खरं उत्तर तिथून मिळतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशी, सोयाबीन, तुरीच्या पट्ट्यात जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत पेरणी आणि डवरणीची (पिकाच्या ओळींमधून डवरा फिरवून तण काढण्याची) घाई असते. शिवाय पावसामुळे शेतांकडे जाणारे कच्चे पांदण रस्ते बंद पडतात, त्यामुळे हा काळ टाळा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवळ सुंदर असते, पण फवारणीचे दिवस तेच. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि मळणी चालू असते. त्यात पावसाची भीती असल्यामुळे घरातला एकही माणूस मोकळा नसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ पाहुण्यांसाठी सगळ्यात चांगला. रस्ते कोरडे, हवा थंड, कापसाची वेचणी चालू, तूर शेंगांवर आलेली, हरभरा कोवळा. संत्र्याची बाग असेल तर आंबिया बहाराची (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागात जाणार असाल तर बागेत कुठला बहार धरलाय ते आधी विचारून घ्या, नाहीतर झाडावर फक्त पानं बघून परत याल. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्या दिवसांत जाऊच नका.

अहिल्यानगर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर या ज्वारीच्या भागात जात असाल तर डिसेंबरअखेर ते जानेवारी हे हुरड्याचे दिवस. गुळभेंडी, सुरती अशा हुरड्याच्या वाणांची कणसं दुधात असतात तो काळ जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा. तारीख पेरणीवर अवलंबून असते, त्यामुळे घरच्यांनी सांगितलेला आठवडा धरा.

दक्षिणेकडे, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळप हंगाम असतो. शेतात बघायला खूप काही मिळतं. रात्रीचा रस्ता मात्र धोक्याचा असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाचे भारे, आणि मागचे दिवे किंवा रिफ्लेक्टर कित्येकदा नसतातच. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झगमगाटात उभी ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. या भागात सूर्यास्तानंतर महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागू नका.

मुक्काम एका रात्रीचा ठेवू नका. एका रात्रीत घरच्यांना दोन वेळचा स्वयंपाक आणि अंथरुणं-पांघरुणं एवढं काम पडतं, आणि तुम्हाला शेत दिसतं फक्त अंधारात. दोन रात्री राहिलात तर मधला अख्खा दिवस मिळतो, गाडी चालवणाऱ्याची झोप पुरी होते आणि पहिल्या दिवसाचा अवघडलेपणा जातो. तीनपेक्षा जास्त रात्री राहायचं असेल तर कामाला हात लावायच्या तयारीने जा.

फोनवर विचारायच्या गोष्टी

घर शेतात आहे की गावात, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी राहतं घर गावात आणि शेतात फक्त गोठा, मोटारीची खोली आणि एखादं शेड असतं. रात्री कुठे झोपायचं, संडास-न्हाणी कुठे आहे, हे विचारायला संकोच वाटतो. पण बायका-मुली बरोबर असतील तर हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. थेट विचारलेलं कुणालाही आवडतं.

किती माणसं येणार, त्यात मुलं किती, कुणाचा उपास कुठल्या वारी, कोण मांसाहार करत नाही, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे सगळं एका निरोपात लिहून पाठवा. विदर्भात मसाला जास्त तिखट असतो. मुलांसाठी वरण-भात पुरेसा आहे असं आधी सांगितलं की घरच्यांची धांदल वाचते.

पत्ता विचारताना फक्त घराचं लोकेशन मागवू नका. नकाशावरचं ॲप सगळ्यात जवळचा रस्ता दाखवतं, आणि तो कित्येकदा बैलगाडीची पांदण किंवा नाला ओलांडणारी पायवाट असतो. डांबरी रस्ता सोडून आत वळायचा फाटा जिथे आहे, तिथलं लोकेशन मागवा. त्यापुढच्या तीन खुणा विचारा: पाण्याची टाकी, देऊळ, शाळा, जे काही असेल ते. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये रेंज जाते, म्हणून या खुणा कागदावर लिहून ठेवा. शेवटचा प्रश्न: ‘आमची गाडी अमुक आहे, शेतापर्यंत येईल का?’ हॅचबॅक किंवा सेडानला जमिनीपासून सुमारे १६५ ते १७० मिलिमीटर उंची मिळते. ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीमधला उंचवटा त्याहून जास्त असेल तर गाडीचं पोट घासतं आणि ऑइल चेंबर फुटण्यापर्यंत वेळ येते.

पुणे ते शेत: एक नमुना दिवस

समजा शेत धामणगाव रेल्वेजवळ, अमरावती-वर्धा-यवतमाळ यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पुण्याहून अहिल्यानगर, नेवासा फाटा, वाळूज करत संभाजीनगरपर्यंत साधारण २३५ किलोमीटर होतात. हा भाग अंतराच्या मानाने फार वेळ खातो. खराडी, वाघोली, लोणीकंद, शिक्रापूर, रांजणगाव या टप्प्यात कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनर एकदा रस्त्यावर आले की तासाभराचे दोन तास होतात. पहाटे साडेचारला घरून निघा. साडेपाचच्या आत वाघोली मागे पडली पाहिजे.

वाळूजकडून आलात तर शहराच्या गर्दीत न शिरता दौलताबादच्या बाजूचा माळीवाडा इंटरचेंज गाठा आणि समृद्धी महामार्गावर चढा. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. माळीवाडा ते धामणगाव सुमारे ३४० किलोमीटर. गाडी चालवायला सोपा वाटतो, पण धोका त्या सोपेपणातच आहे. सरळ, एकसुरी रस्त्यावर मेंदू पेंगतो, डोळे उघडे असून समोरचं दिसत नाही. दर दीड-दोन तासांनी ठरलेल्या थांब्यावर उतरून दहा मिनिटं चाला. कारसाठी मर्यादा ताशी १२० आहे म्हणून १२० नेच जायला हवं असं नाही. सामान आणि चार माणसं असतील तर ९५ ते १०० हा वेग टायरला आणि चालकाला दोघांना झेपतो. टाकी संभाजीनगरच्या आधीच भरून घ्या.

टायरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक महागात पडते. सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी सतत वेगात धावताना टायर तापतो. हवा कमी असेल तर त्याची बाजू जास्त वाकते आणि अजून तापते, आणि त्यातून टायर फुटतो. ‘उन्हात हवा कमी ठेवावी’ हा सल्ला त्यामुळे उलटा आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर पूर्ण भारासाठी लिहिलेला दाब, गाडी थंड असताना, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भरा. टायरच्या बाजूवर चार आकडी उत्पादन-खूण असते. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षं ओलांडलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी अशा प्रवासाला नेऊ नका. स्टेपनीतही हवा भरा.

फास्टॅगचा वार्षिक पास काढणार असाल तर लक्षात ठेवा: १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला हा पास राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. समृद्धी राज्याचा रस्ता आहे, तिथे फास्टॅगमधून नेहमीचा टोल जातो, म्हणून खात्यात पैसे ठेवा.

सूर्यास्ताचा हिशेबही पुण्याच्या घड्याळाने करू नका. वर्ध्याकडे सूर्य पुण्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरमध्ये साडेपाचला उजेड उतरायला लागतो. धामणगावला समृद्धी सोडायची वेळ दुपारी चारपर्यंत धरली तर फाट्यावरून आतला रस्ता उजेडात पार पडतो. उशीर होतोय असं दिसलं तर फोन करून गावात कुणाला तरी फाट्यावर थांबायला सांगा. अंधारात पांदणीत शिरून शोधत बसू नका.

गाडी शेतात नेताना

काळ्या मातीचा एक स्वभाव आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत गच्च बसते. मग टायर गुळगुळीत रोलरसारखा घसरतो. एवढ्यात पाऊस झाला असेल किंवा कुणी रात्री ओलीत केलं (पिकाला पाणी दिलं) असेल तर गाडीतून उतरून दहा पावलं चाला. चपलेला मातीचा पो चिकटून चप्पल जड झाली तर गाडी पुढे नेऊ नका. गावातल्या घरासमोर लावा आणि चालत किंवा बैलगाडीने जा.

माती कोरडी असली तरी कापणी झालेल्या वावरात गाडी घालू नका. तुरीचे आणि पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडांचे) खुंट तिरपे कापलेले असतात आणि टायरच्या बाजूत घुसतात. बाजूचं पंक्चर निघत नाही, टायरच बदलावा लागतो. बाभळीचे काटे पांदणीत सर्रास पडलेले असतात. ते टायरच्या तोंडावर घुसतात, हवा हळूहळू जाते, म्हणून रोज सकाळी चारही चाकं बघा.

गाडी लावायची जागा घरच्यांना विचारूनच ठरवा. पाइपलाइनच्या व्हॉल्व्हवर, मोटारीच्या खोलीसमोर, ट्रॅक्टर वळायच्या जागेवर लावू नका. पहाटे मोटार चालू करायला किंवा ट्रॉली काढायला गाडी हलवावी लागली तर सगळ्यांची झोपमोड होते. वाळलेलं गवत, सोयाबीनचं कुटार किंवा कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नको. लांबून आलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांना तापलेला असतो. त्याखाली सुकं गवत आलं की पेट घेतं, आणि गंज पेटली तर जनावरांचा वर्षाचा चारा जातो. धान्याच्या कोठीजवळही नको, कारण तिथे उंदीर असतात आणि ते ऊबदार इंजिनात शिरून वायरी कुरतडतात. सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेट उघडून बघा.

छतावर कॅरिअर असेल तर शेतातल्या लोंबकळणाऱ्या वीजतारांकडे लक्ष ठेवा. खांब झुकलेले असले की तार हाताच्या अंतरावर येते.

गाडी रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. चाक जितकं फिरेल तितका खड्डा खोल. पहिल्यांदा सगळे उतरा. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते (बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची) त्यांच्यापुढचा चिखल फावड्याने काढा. तिथे पऱ्हाट्या किंवा तुराट्या टाकायची पद्धत आहे, पण त्यांची टोकं टायरला लागतात, म्हणून वर गोणपाट अंथरा. टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते. पंप बरोबर असेल तरच हे करा आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा परत भरा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत बाहेर या.

तरीही न निघाल्यास ट्रॅक्टर येईल, तो गावात असतोच. गाडीच्या जॅकबरोबर एक लोखंडी हूक असतो. पुढच्या बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पूर्ण आत बसेपर्यंत फिरवा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, बसत नसेल तर दुसऱ्या बाजूने फिरवून बघा. दोर किंवा साखळी बंपरला, सस्पेन्शनच्या दांड्याला बांधू देऊ नका, दोन्ही वाकतात. ट्रॅक्टर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, आधी दोराचा झोल काढून मग ओढायचा. झटका देऊन ओढलं की दोर तुटतो किंवा हूक उपटतो आणि गोळीसारखा सुटतो. म्हणून दोर जितका लांब आहे, तितक्या अंतरात कुणीही उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढणाऱ्यानेसुद्धा नाही.

पोहोचल्यावर

दारात पाय धुवायला पाणी मिळेल. चपला बाहेरच काढा. घरातल्या मोठ्यांच्या पाया पडा, मग बाकीच्या गप्पा. सामान लगेच पसरू नका, झोपायची जागा दाखवेपर्यंत थांबा. पुण्याहून काय न्यायचं यावर फार डोकं खपवायची गरज नाही. चितळ्यांची बाकरवडी किंवा लक्ष्मीनारायणचा चिवडा चालतो, कारण तो टिकतो. मलईचं, खव्याचं काही दहा-बारा तासांच्या प्रवासात आंबतं. आजी-काकूंसाठी वेगळं, मुलांसाठी वेगळं आणि घरच्या सालगड्यासाठी एक पाकीट वेगळं ठेवा. त्याला वगळलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं. चांगली हेडटॉर्च किंवा चार्ज होणारी बॅटरी ही भेट मिठाईहून जास्त कामाची, कारण रात्रीच्या पाळीला ओलीत करायला जाणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात.

विजेचं वेळापत्रक घरच्यांकडून समजून घ्या. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी रात्रीची असली की घरातला एखादा माणूस मध्यरात्री उठून जातो आणि सकाळी झोपतो. त्या वेळी मोठ्याने बोलू नका. फोन, पॉवरबँक संध्याकाळीच चार्ज करून घ्या. मोटारीच्या स्टार्टरला कुतूहलानेही हात लावू नका.

आंघोळीचं पाणी बंबात किंवा चुलीवर तापतं. एका वेळी दोन-तीन बादल्याच. सकाळी बायकांना डबे करून वेचणीला जायचं असतं, तेव्हा पाहुण्यांनी एकतर सगळ्यांच्या आधी आटपावं, नाहीतर नऊनंतर.

पिण्याचं पाणी बोअरचं असेल तर ते जड असू शकतं आणि सवय नसलेल्या पोटाला त्रास होतो. गाडीत २० लिटरचा जार ठेवा, ‘औषध चालू आहे’ एवढं सांगितलं की कुणी वाईट वाटून घेत नाही. धारोष्ण दूध प्यायचा आग्रह झाला तर हात जोडून उकळलेलंच मागा. कच्च्या दुधातून ब्रुसेल्लोसिससारखे आजार माणसाला होतात. मुलांना तर उकळल्याशिवाय देऊच नका.

शेतात फिरताना

शिवारात पाऊल टाकण्याआधी एक प्रश्न: ‘फवारणी कधी झाली?’ २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या पिकात, उकाड्यात, तोंडाला फडकंही न बांधता फवारणी केल्यावर काय होतं ते तिथे दिसलं. पाहुण्यांनी फवारलेल्या तुकड्यात शिरायचंच नाही. ढाळं (हरभऱ्याचे ओले घाटे), मिरची, पेरू, वाटाण्याच्या शेंगा तोडून तिथेच तोंडात टाकायचा मोह होतो. घरच्यांनी ‘खा’ म्हटल्यावरच तोडा आणि धुऊन खा. शेतात पडलेल्या औषधाच्या डब्यात पाणी, पेट्रोल काहीही भरून घेऊ नका.

लहान मुलं बरोबर असतील तर शेततळ्याचा धोका समजून घ्या. वरून ते निवांत पोहायच्या तलावासारखं दिसतं. तळाला आणि उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. वाचवायला उतरणारा माणूसही आतच अडकतो. मुलांना शेततळ्याच्या आणि बिनकठड्याच्या विहिरीच्या जवळ मोठ्यांचा हात धरल्याशिवाय जाऊ देऊ नका. कुणी पडलंच तर आत उडी मारू नका, दोर, ठिबकची नळी किंवा रिकामा बंद कॅन फेका.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून फोटो काढायचा हट्ट मोडून काढा. मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा चालू असताना ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस घेऊन तीन-चार मीटरच्या आत जाऊ नका. त्या दांड्यात कापडाचं टोक अडकलं की माणूस आत ओढला जातो, हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं असतं. तार कुठून गेली आहे ते दिवसा दाखवून घ्या. झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खाली अत्तर मारून, चूल पेटवून बसू नका. बैलांकडे समोरून, आवाज देत जा, मागून नाही. गायीच्या वासराला हात लावण्याआधी गाय बांधली आहे ना ते बघा.

रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि बंद बूट. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात सापडतात. त्यांतला मण्यार रात्री घरात शिरून झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याचं दुखणंही फारसं जाणवत नाही. म्हणून जमिनीवर झोपू नका, खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मागा. सकाळी बूट झटकून घाला, विंचू बसलेला असतो. सर्पदंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काही नाही. अंगठी-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात मिळतं हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवा. शेतावर राहणाऱ्यांना ते पाठ असतं.

मदत करायची असेल तर सोपं काम मागा: कापूस वेचणं, शेंगा तोडणं, भाजी निवडणं. कापूस वेचताना बोंडातला कापूस पातीचा कचरा न येता ओढायचा असतो, नाहीतर भाव पडतो. पहिला अर्धा तास शिकणाऱ्याचा कापूस वेगळ्या ओच्यात ठेवा. वेचणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी मिळते, त्यांना गप्पांत गुंतवून त्यांचा वेळ घेऊ नका. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि ‘एकरी किती सुटतात?’, ‘कर्जमाफी झाली का?’ हे प्रश्न जेवणाच्या पानावर नकोत. घरचे स्वतःहून बोलले तर मन लावून ऐका.

एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाणार असाल तर निघताना बुटांचे तळवे ब्रशने धुवा. लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा रोग बुटांना आणि टायरला लागलेल्या शेणामातीतून पसरतो. डाळिंबाच्या बागेत दवात किंवा पावसात ओली झाडं हाताळू नका, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू ओल्या हातांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. घरच्यांनी सांगितलं नाही तरी एवढं आपण पाळायचं.

निघताना

निघायच्या दिवशी घरातून तूरडाळ, ज्वारी, संत्री, लोणचं असं काही ना काही बांधून मिळतं. नाही म्हणणं त्यांना टोचतं, पण ५० किलोचं पोतं घेऊन पुढचे हजार किलोमीटर जाणं गाडीला टोचतं. ‘पाच किलो पुरे, उरलेलं मी विकत घेतो आणि परतताना नेतो’ असं म्हणा. बाजारभाव विचारा आणि तोच द्या. मित्र म्हणून कमी दरात घेऊ नका. घरच्या मोठ्या माणसांना पैसे देणं अपमान ठरतं. लहान मुलांच्या हातावर खाऊसाठी आणि मदतीला येणाऱ्या माणसाच्या हातावर मात्र जरूर ठेवा.

संत्री कॅरेटमध्येच घ्या. कात्रीने देठासकट तोडलेली फळं निवडा, ओढून तोडलेल्या फळाची देठाजवळची साल फाटते आणि कूज तिथूनच सुरू होते. तळाला आणि थरांमध्ये कागद घाला. एका कॅरेटमध्ये २० किलोच्या आसपास फळ मावतं. दोन कॅरेट मागच्या सीटला लागून, डिकीच्या तळाशी ठेवा. मागच्या टायरची हवा स्टिकरवरच्या पूर्ण भाराच्या आकड्यापर्यंत वाढवा आणि हेडलाइटचा कोन खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. उन्हात बंद गाडी उभी राहिली तर फळं शिजल्यासारखी होतात, म्हणून जेवणाला थांबताना सावली शोधा. बागेतली रोपं, कलमं, माती नेऊ नका, संत्र्याच्या झाडांना होणाऱ्या डिंक्या रोगाची बुरशी मातीबरोबर जाते. सरकीसकट कापूसही नको, त्यात गुलाबी बोंडअळी असू शकते.

गाडीचं काम निघण्याआधी अर्धा तास काढून करा. चाकांच्या आतल्या बाजूला सुकलेली काळी माती काठीने खरवडा आणि पाण्याने धुवा. रिमच्या आत एका बाजूला चिकटलेल्या ढेपेमुळे चाकाचा तोल जातो आणि ८० च्या वर स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक टायर बिघडला समजून मेकॅनिक शोधतात, दोष मात्र मातीचा असतो. रेडिएटरसमोरच्या जाळीतलं कुटार, गवताचं बी काढा, नाहीतर नागपूरपुढे चढावर इंजिन तापेल. एअर फिल्टर काढून झटका. गाडीखाली वाकून तेल टपकतंय का बघा.

पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने सिवनी-जबलपूरकडे जाणार असाल तर मनसर ते खवासा हा पेंचच्या जंगलाचा टप्पा दिवसाउजेडी पार करा. पुढच्या मुक्कामी पोहोचल्यावर शेतावर फोन करा, पण रात्री साडेआठच्या आत. त्यानंतर तिथलं घर झोपलेलं असतं.